ड्रॉप सी म्हणजे नुसत्या खुंट्या सैल करणं नव्हे

इलेक्ट्रिक गिटार ड्रॉप सीमध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा खालच्या स्वरांत, न्यायची तर वेगळं काही लागत नाही, आहेत त्याच तारा सैल सोडा, गेन (डिस्टॉर्शन, म्हणजे फाटका आवाज, किती हे ठरवणारा नॉब) पूर्ण वाढवा, आणि जाड तारांच्या नादी लागू नका कारण त्यांनी नेक (गिटारची मान) वाकतो, असा सल्ला रील्समधून भरपूर फिरतो. त्यातला थोडा भाग खरा आहे, म्हणूनच तो पटतो.

आहेत त्याच तारा चालतात?

ड्रॉप डीला, म्हणजे फक्त सहावी तार दोन अर्धस्वर उतरवली तर, चालतात. सगळी गिटार अर्धा स्वर उतरवली तरी चालतात. ड्रॉप सीचं गणित वेगळं. त्यात सहाव्या तारेपासून सी, जी, सी, एफ, ए, डी असे स्वर येतात. म्हणजे सहावी तार चार अर्धस्वर खाली आणि बाकीच्या पाच दोन-दोन. सहावीची वारंवारिता ८२.४ हर्ट्झवरून ६५.४ वर येते. ही घट २१ टक्क्यांची, पण ताण वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तो ३७ टक्क्यांनी पडतो. साडेपंचवीस इंच स्केलच्या, म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीच्या, गिटारवर ०.०४६ इंचाची तार ई स्वराला साधारण ८ किलो ताणावर असते. सीला तिथे ५ किलोच उरतात. ०९–४२ चा सेट (सर्वांत बारीक तार ०.००९ इंच, सर्वांत जाड ०.०४२) असेल तर जेमतेम सव्वाचार.

सैल तार फ्रेटवर आपटते. तंबोऱ्याला जवारी शोभते, पण डिस्टॉर्शनमधल्या रिफला (पुन्हापुन्हा येणाऱ्या सुरावटीला) ही खरखर नको. त्याहून मोठा घोटाळा सुराचा. फ्रेट दाबताना तार थोडी ताणली जाते. हा वाढीव ताण ८ किलोंत खपून जातो, ५ किलोंत त्याचा वाटा मोठा होतो आणि स्वर चढतो. जोरात पिक मारला तरी तेच: सुरुवातीला स्वर वर, मग हळूहळू खाली. ट्यूनरवर हिरवा दिवा आणि कॉर्ड मात्र बेसूर, यामागे बहुतेकदा हेच असतं.

ड्रॉप सीला ११–५६ किंवा १२–५६ चा सेट घ्या. ०.०५६ ची तार सीला साधारण साडेसात किलोंवर बसते, म्हणजे हाताला जवळपास नेहमीचीच लागते.

जाड तारांनी नेक वाकतो?

जाड तारा ई स्टँडर्डलाच चढवल्या तर ताण वाढेल, नेक पुढे झुकेल. पण स्वर उतरवल्यावर जाड तारा जुनाच ताण परत आणतात. उलट बारीक तारा सैल सोडल्या तर ट्रस रॉडला (नेकमधल्या सळईला) तोल द्यायला ताण कमी पडतो, नेक मागे जातो आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर बझ (खरखर) येतो. तपासायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. ०.२ ते ०.२५ मिमी ठीक. फट उरलीच नसेल तर ट्रस रॉड पाव फेरा सैल करा, पुन्हा ट्यून करा, मगच पुढचा पाव.

वेगळं काही लागत नाही?

०.०४६ साठी कापलेल्या नटच्या (नेकच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) खाचेत ०.०५६ ची तार नीट बसत नाही. ट्यून करताना ‘टिक्’ आवाज होऊन स्वर उडी मारत असेल तर ती तिथेच अडकते आहे. खाच रुंद करा, खोल नको. शंका असेल तर कारागिराकडून करून घ्या. नंतर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर) आणि दाबलेला स्वर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (बॉडीवरच्या ब्रिजमधला तारेचा टेकू) नेकपासून मागे न्या.

तरंगता ट्रेमोलो (स्प्रिंगांवर तोललेला, हलणारा ब्रिज) असेल तर खरी परीक्षा. तारांचा ताण कमी झाला की मागच्या स्प्रिंगा ब्रिज बॉडीत ओढतात. एक तार उतरवली की बाकीच्या चढतात, आणि हा खेळ संपत नाही. मागचं झाकण काढून क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) स्क्रू थोडे सैल करा, ब्रिज बॉडीला समांतर येईपर्यंत.

‘टोनी इओमीने तर बारीक ताराच वापरल्या’

बरोबर. इओमी हा ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गिटारवादक; त्यांच्या १९७१ च्या अल्बममध्ये त्याने काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर उतरवली. पण बर्मिंगहॅमच्या कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती. तो डावखुरा, म्हणजे फ्रेट दाबणारा हात तोच. सैल, बारीक तारा ही त्याची गरज होती. ज्यांची दहाही बोटं शाबूत आहेत त्यांना हा दाखला लागू पडत नाही.

गेन पूर्ण?

खालच्या स्वरांत मुळातच बास जास्त, आणि तो डिस्टॉर्शनमध्ये शिरला की पाम म्यूटचा (तळहाताने तार दाबून वाजवलेल्या स्वरांचा) चिखल होतो. गेन नेहमीपेक्षा कमी ठेवा आणि बास डिस्टॉर्शनच्या आधी कापा. त्यासाठी ट्यूब स्क्रीमर धाटणीचा पेडल अॅम्पच्या आधी, ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल चढा. गेलेलं वजन वाटल्यास अॅम्पच्या बास नॉबने परत आणा.