फाटकावरचं भारनियमन

मोटारसायकल बंद पडते, त्यात विशेष काही नाही. पण रेल्वे फाटकाच्या अगदी तोंडाशी, पहिल्या रांगेत, मागे केळीचा टेम्पो, दोन ट्रॅक्टर आणि वऱ्हाडाची क्रूझर उभी असताना ती बंद पडली की प्रत्येकाला तिच्याबद्दल मत असतं. परवा सुरत-भुसावळ लाइनवरच्या एका फाटकावर मी ती सगळी मतं ऐकून घेतली. अजून डोक्यातून गेलेली नाहीत.

झालं ते थोडक्यात असं. दिवस मावळलेला. फाटक लागलं म्हणून इंजिन बंद केलं. मोबाइल चार्जिंगला होता म्हणून चावी तशीच ठेवली, आणि चावी तशीच म्हणून नवे फॉग लाइटही तसेच. एक मालगाडी गेली. फाटक उघडेना, म्हणजे दुसरी येणार. तीही आली, सवडीनं. मग फाटक उघडलं, मी बटण दाबलं. टिक टिक टिक टिक. मीटर विझला, पुन्हा लागला आणि त्यातल्या घड्याळात बारा वाजले. घड्याळ इतकं खरं कधी बोललं नव्हतं.

माझ्या गाडीला किक नाही. कंपनीनं ती काढून टाकली, आणि जाहिरातीत ते सोय म्हणून छापलं.

गेटमन ओरडला, "ओ, बाजूला घ्या, अजून एक यायचीय!" क्रूझरमधल्या दोघांनी गाडी ढकलत निंबाखाली लावून दिली आणि मोकळं झाल्यासारखे निघून गेले. तिथे जुनी एम-80 दुचाकी स्टँडवर लावून आप्पा बसले होते. डोक्यावर टोपी, तळहातावर तंबाखू. सगळे त्यांना आप्पा म्हणत होते म्हणून मीही म्हटलं.

"काय व्हयनं भो?"

"बॅटरी उतरली वाटतं, आप्पा. जरा धक्का मारता का?"

"धक्का मारूत. पहिले सांग, लोड कितला शे?"

मला वाटलं, मागे गोणी-बिणी आहे का विचारताहेत. म्हटलं, एकटाच आहे. आप्पांनी तंबाखूवर टाळी मारली आणि माझ्याकडे असं पाहिलं की शाळा तपासायला आलेले साहेबही मला इतक्या दयेनं पाहत नाहीत.

आप्पा बोर्डातले निवृत्त वायरमन. 2005 साली बोर्डाच्या कंपन्या झाल्या, महावितरण आलं, पण आप्पांचं अजून बोर्डच. आणि वायरमनला लोड, म्हणजे विजेवर काय काय चालतं ते, सांगितल्याशिवाय तो वायरीला हात लावत नाही, हे तत्त्व त्यांनी माझ्या मोटारसायकललाही लावलं. खिशातून लग्नपत्रिकेचं पाकीट निघालं, कानामागून पेन.

"हेडलाइट?"

"आहे."

"शे ते दिसी राहिनं. कितला वॅट?"

मी गप्प. आप्पांनी स्वतःच 35 लिहिलं. "आणि हा बंद करता येत नाही. बरोबर? बटणच नाही." बरोबर होतं. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू झालं की आपोआप लागतो. जळगावच्या 45 डिग्रीच्या उन्हात, भर दुपारी बारा वाजता, मी दिवा लावून बँकेत जातो. वाटेत अजूनही चार जण हाताची बोटं उघडझाप करून "लाइट चालू, लाइट चालू" सांगतात. त्यांना थांबून केंद्र सरकारचा नियम समजावत बसायचं का?

"मागचा दिवा 5. इंजेक्शनवाली ना? मग पेट्रोलचा पंप, तो कॉम्प्युटर, प्लगचा स्पार्क, याचा धर 30." त्यांनी बेरीज केली. "70 झाले. यात इंडिकेटर नाही, ब्रेक नाही, हॉर्न नाही. आता सांग, तुझं मशीन देतं किती?"

मशीन म्हणजे इंजिनाच्या पोटातली वीज तयार करणारी कॉइल. ती किती देते ते मला माहीत नव्हतं. टेम्पोवाल्याला नव्हतं. बकऱ्या घेऊन थांबलेल्या पोरालाही नव्हतं, पण तो विचारात पडला हे नक्की.

"शंभर धर. लहान गाडी शंभराच्या आगेमागेच देते. तेबी पळत असली तर. उभ्या गाडीत पार खाली येतं. शिल्लक राहिले 30. आता तू वरून काय काय टाकेल शे?"

फॉग लाइटच्या खोक्यावर 120 वॅट छापलं होतं, ते मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. आप्पा इतके हसले की तंबाखू सांडली. "120 राहता तर तू पारोळ्यालाच बसला असता रे बाबा! एकेक 20 चा असेल. दोनचे 40. मोबाइलचं चार्जर 15. झाले 55. शिल्लक 30, खर्च 55." मग त्यांनी पेन खाली ठेवला. "लोक खांबावर आकडा टाकतात. तू स्वतःच्याच गाडीवर आकडा टाकेल शे."

गर्दी हसली. त्या हसण्यात टेम्पोच्या मागून एक ओळखीचा आवाज आला, "सर!" आमच्याच शाळेतला, दहावीचा. मी इतिहास शिकवतो, हे त्याला माहीत असूनही तो म्हणाला, "सर, पी बरोबर व्ही गुणिले आय." आप्पांनी त्याला लगेच पुढे ओढून घेतलं. "सांग बेटा, तूट 25 वॅटची, बॅटरी 12 व्होल्टची. अँपिअर किती?" कार्ट्यानं तोंडी सांगितलं, दोन. "आणि बॅटरी 4 अँपिअर-तासाची. किती वेळ टिकेल?" दोन तास. "बस! आणि इंजिन बंद करून उभा राहिला की 55 च्या 55 बॅटरीतून. वर स्टार्टर. त्याला एका दमात कितीतरी अँपिअर लागतात. कुठून देईल?" वर्गात या पोरानं मला पानिपतचं साल कधी धड सांगितलेलं नाही.

टेम्पोवाल्यानं मध्येच तोंड घातलं, "फ्यूज पाहा ना आप्पा." त्याची तर फारच वाईट अवस्था झाली. आप्पा म्हणाले, "फ्यूज 10 अँपिअरचा. बारा दाही 120. म्हणजे 120 वॅटपर्यंत तो हूं का चूं करत नाही. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. घरात पैसा येतो किती, याच्याशी त्याला काय घेणं?"

खरं सांगायचं तर आप्पांचं गणित मला पटत होतं. राग वेगळ्याच गोष्टीचा येत होता. हे फॉग लाइट मी हौसेनं लावलेले नाहीत. धुळे-पारोळा-एरंडोल रस्त्यावर अंधारात एकदा मोटारसायकल चालवून पाहा. समोरचा डिपर देत नाही, बिनारिफ्लेक्टरची ट्रॉली कापूस भरून रस्त्याच्या मधोमध, आणि तुमच्या हातात 35 वॅटचा दिवा, ज्यात पुढचा खड्डा त्यात पडल्यावर दिसतो. मग माणूस काय करणार? दिवे विकत घेणार. दुकानदार ते लावून देणार. "काही होत नाही भाऊ" हे वाक्य तो बिल करतानाच म्हणतो.

आणि विजेचं म्हणाल, तर आमच्या उशाला भुसावळचं दीपनगर वीजकेंद्र आहे. 500 मेगावॅटचे दोन संच तिथे उभे. तरी आमचा शेतकरी मोटर लावायला रात्री उठतो, कारण थ्री-फेजची पाळी रात्रीची. पायाखाली साप, उसाच्या कडेला बिबट्या, हातात बॅटरी. हे मी आप्पांना म्हटलं, तर ते एकदम गंभीर झाले. त्यांनी नोकरीत इतक्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या की ही दुखरी जागा निघाली. "आम्ही काय घरून वीज आणायची का? वरून फोन यायचा, गावाचा फीडर बंद कर. केला की गाव काठ्या घेऊन सबस्टेशनवर."

मग त्याच भारनियमनाच्या सवयीनं त्यांनी पाकिटावर माझ्या गाडीचं वेळापत्रक मांडलं. चार्जर फक्त दिवसा. फॉग लाइट गावाबाहेर, तेही गाडी पळत असताना. फाटकावर, सिग्नलवर दोन्ही बंद. हॉर्न वाजवायचा असेल तर आधी इंडिकेटर बंद. "आणि लग्नात पोरं ते लुकलुकणारे पट्टे लावतात, ते अजिबात नाही." शेवटी खाली सही केली. सवयच ती.

एम-80 कडे बोट दाखवून म्हणाले, "जुन्या गाडीचा दिवा इंजिनाबरोबर वर-खाली व्हायचा. रेस कमी केली की मंद, वाढवली की लख्ख. काय येतं, काय जातं, डोळ्याला दिसायचं. आता मध्ये बॅटरी बसवली. ती खालून उपाशी मरत राहते अन् वरून दिवा झकास."

एवढं झाल्यावर धक्का. पण तोही लगेच नाही. "सगळं बंद कर. पाच मिनिटं आराम दे तिला, थोडी वर येते. पंपापुरती वीज पाहिजे, नाहीतर ढकलून काही व्हत नही." आम्ही थांबलो. मग दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून, दहावीचा पोरगा आणि बकऱ्यांचा पोरगा मागून. गाडी लागली. आप्पा पाकीट माझ्या शर्टाच्या खिशात कोंबत ओरडले, "घरी जाईपर्यंत बंद करू नको!"

दुसऱ्या दिवशी मी शोरूमला गेलो. एकच प्रश्न होता: या गाडीचं मशीन किती वॅट देतं आणि त्यातले माझ्यासाठी किती उरतात? माहितीपत्रकात गाडीची ताकद होती, टॉर्क होता, सीटची उंची मिलिमीटरमध्ये होती, रंगांची नावं तर अशी की लिपस्टिकला शोभावीत. हा एक आकडा नव्हता. काउंटरवरच्या मुलीनं मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं मेकॅनिकला, मेकॅनिकनं मला विचारलं, "मायलेज देत नाही का?"

बॅटरी वॉरंटीत बसणार नाही, कारण बाहेरचे फॉग लाइट लावले. हे मात्र तिघांनाही एका सुरात माहीत होतं. मग मॅनेजरनं कपाटातून एक चकचकीत खोकं काढून काउंटरवर ठेवलं. कंपनीचे स्वतःचे फॉग लाइट, दुप्पट किमतीचे.

मी विचारलं, "किती वॅटचे आहेत?"

तो म्हणाला, "सर, ओरिजिनल आहेत."