शारजाहून मस्कत, व्हाया भांडुप

आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या माणसाला शेजारच्या देशात दोन दिवस जायचं झालं तर तिथलं सरकार काय बघतं? पासपोर्ट बघतं, ठीक. काही भानगड-बिनगड आहे का बघतं, तेही ठीक. पण त्याच्या रहिवासी कार्डावर व्यवसायाच्या रकान्यात काय छापलंय, यावर त्याला आत घ्यायचं की नाही हे वर्षानुवर्षं ठरत आलंय. माझा सगळा राग त्या एका रकान्यावर आहे.

यूएई, सौदी, कुवेत, कतार, बहरीन, ओमान या सहा देशांनी १९८१ साली आपली आखाती सहकार्य परिषद काढली, तीच जीसीसी. तिथले नागरिक एकमेकांकडे नुसतं ओळखपत्र दाखवून जातात. त्यांच्या घरातलं त्यांनी काय करावं हा त्यांचा प्रश्न. पण याच देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात आणि त्यांना मात्र प्रत्येक सीमेवर नव्याने परका व्हावं लागतं. त्यातही इंजिनिअर, डॉक्टर, मॅनेजर असाल तर वेगळा न्याय, आणि हेल्पर, ड्रायव्हर, क्लीनर असाल तर वेगळा.

आमच्याच घरातलं सांगते. धाकटा दीर शारजात एसीच्या कामावर आहे. नणंद मस्कतला. मधे यूएई आणि ओमानमधली हत्ताची सीमा, चार-पाच तासांचा रस्ता. नणंदेच्या मुलाचं जावळ काढायचं होतं आणि जावळ म्हटलं की मामाची मांडी लागते. आता मामा तर शेजारच्याच देशात! गाडी ठरली, सुट्टी मंजूर झाली, बाळासाठी चांदीचा वाळासुद्धा घेऊन झाला. मग कंपनीच्या पीआरओने, म्हणजे व्हिसाची सरकारी कामं बघणाऱ्या माणसाने, कार्ड हातात घेऊन नुसती मान हलवली. ओमानकडे तेव्हा जीसीसीत राहणाऱ्या परदेशी लोकांसाठी ठरावीक हुद्द्यांची यादी होती, आणि दिराच्या कार्डावर होतं ‘हेल्पर’. हा माणूस तेव्हा हाताखाली पोरं घेऊन अख्ख्या टॉवरचं चिलर प्लांट, म्हणजे एसीची मुख्य यंत्रणा, सांभाळत होता. पण भरती झाली त्या दिवशी जे लिहिलं ते लिहिलं. हुद्दा बदलायचा तर पगार वाढवा, फी भरा, कोण करतंय? त्याच्याच साइटवरचा, त्याच्यानंतर लागलेला इंजिनिअर त्याच आठवड्यात ओमानमधल्या सलालाला फिरून आला.

शेवटी जावळ निघालं भांडुपला. गणपतीत दोघं दोन देशांतून मुंबईला उतरली, समुद्र ओलांडून. तिकिटांचा खर्च विचारू नका. सासूबाई खूश होत्या, ती गोष्ट वेगळी. नातू घरी आला ना!

आता नियम बरेच सैल झालेत, हे सांगितलंच पाहिजे. सौदीने २०२३ मध्ये हुद्द्याची अट काढली. जीसीसीतल्या कुठल्याही देशाच्या रहिवासी कार्डाची मुदत किमान तीन महिने शिल्लक असली की ई-व्हिसाचा अर्ज करता येतो. हजचा काळ सोडला तर त्यावर उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्राही होते. आमच्या मजल्यावरचे रत्नागिरीचे चाचा दुबईत ड्रायव्हर आहेत, ते बसने जाऊन आले. आधी हेच त्यांना विमान आणि एजंट या दोघांच्या घशात पैसे घालून करावं लागलं असतं. कुवेतनेही ऑगस्ट २०२५ मध्ये जीसीसीच्या रहिवाशांना पोचल्यावर पर्यटक व्हिसा देणं सुरू केलं, फक्त कार्ड किमान सहा महिने शिल्लक हवं.

पण तो रकाना पुरता मेलेला नाही. यूएई जीसीसीच्या रहिवाशांना जो व्हिसा देतं, त्याचंच बघा. व्हिसा मिळाल्यानंतर आणि पोचण्याआधी कार्डावरचा व्यवसाय बदलला, तर प्रवेश मिळत नाही. बढती झाली म्हणून सीमेवरून परत! शिवाय नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बायकोला त्याच्यासोबतच यावं लागतं, एकटीला परवानगी नाही. त्या व्हिसावर मस्कतची बाई दुबईत बहिणीच्या बाळंतपणाला एकटी जाऊ शकत नाही, नवरोबांना रजा मिळाली तरच. यात कुठली सुरक्षा आली, मला कुणी समजावून सांगा.

आणि ज्याच्या भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे, त्याला दुबईत उतरल्यावर व्हिसा मिळतो. म्हणजे अमेरिकेने ज्याला पारखलं त्याच्यावर विश्वास, आणि शेजारच्या देशाने दहा-पंधरा वर्षं कामावर ठेवून, बोटांचे ठसे घेऊन, दरवेळी रक्त तपासून ज्याला पारखलं, त्याने आधी अर्ज करायचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सहाही देशांच्या एकत्रित पर्यटक व्हिसाला मंजुरी मिळाली. ‘जीसीसी ग्रँड टूर्स’ असं झोकदार नावही ठेवलं. युरोपातल्या शेंगेनसारखं, एका व्हिसावर सगळे देश, होणार म्हणे. होऊ दे, चांगलंच आहे. पण पहिला हक्क तिथे घाम गाळणाऱ्याचा असायला हवा होता, बाहेरून फिरायला येणाऱ्याचा नंतर.

‘अरबांना काय, ते असेच’ अशा कमेंट येतील, म्हणून आधीच सांगते. आपण वेगळं काय करतो? दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर आपलंच सरकार ईसीआर, म्हणजे ‘परदेशी नोकरीआधी मंजुरी तपासा’ असं लिहितं. १९८३ च्या कायद्याखाली, आखातातले सहाही धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर त्याला वेगळी मंजुरी काढावी लागते. हेतू चांगला आहे, बोगस एजंटांकडून लोक फसतात हे मुंबईत राहून मी नाकारणार नाही. पण २०१८ च्या जानेवारीत या लोकांना सरळ नारिंगी पासपोर्ट द्यायचं ठरलं होतं. विमानतळावर लांबूनच कळावं, हा कमी शिकलेला! ओरड झाली आणि महिना संपायच्या आत निर्णय मागे घेतला. ज्या डोक्यातून नारिंगी रंग निघाला, त्याच डोक्यातून तो रकाना निघतो.

ज्यांचं कुणी तिकडे आहे त्यांच्यासाठी: तिकीट काढायच्या आधी कार्ड किती महिने शिल्लक आहे ते बघा, पासपोर्ट सहा महिने हवाच. अर्ज शक्यतो त्या त्या देशाच्या सरकारी साइटवरूनच करा. आणि कंपनीत बढती मिळाली की कार्डावरचा हुद्दा बदलून घ्यायच्या मागे लागा, ‘पुढच्या रिन्यूअलला बघू’ ऐकून गप्प बसू नका. दिराला अजून तेच ऐकवतात.

हल्लीच्या दिवसांत हत्तावरून गाडीने मस्कतला गेलेलं कुणी असेल, आणि कार्डावर मॅनेजर-इंजिनिअर नसेल, तर काय काय विचारलं ते खाली लिहा. नणंदेला दुसरं बाळ होतंय.