‘आईसोबत आहे, मग चालतं’ हे खरं किती?

सध्या गोव्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “कळंगूट-बागाला माळा विकणारी पोरं घरच्या धंद्याला हातभार लावतात, त्यात बेकायदा काही नाही. विकणं म्हणजे भीक नव्हे. 14 ओलांडलं की प्रश्नच मिटला. आणि पोलिसांना सांगून उपयोग नाही.”

घरच्या धंद्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, तेव्हा 14 खालच्या मुलाला शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत कुटुंबाला मदत करायची सूट राहिली. पुढे 2017 चे नियम आले, ते कोणी वाचत नाही. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम नाही. विश्रांती सोडून दिवसाला 3 तासांवर नाही. मोठ्या माणसाच्या जागी मूल उभं करायचं नाही. खरी मेख पुढेच: ज्या विक्रीतून मुलाची किंवा घराची कमाई होते, तिच्या कुठल्याही टप्प्यावरचं काम ‘मदत’ धरलं जात नाही. आई शॅकमागच्या (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलमागच्या) सावलीत बसते आणि सात वर्षांची पोर हातावर माळा अडकवून टेबलाटेबलाशी जाते, कारण तिला ‘नको’ म्हणताना पर्यटकाची जीभ अडखळते. सगळा धंदा त्या अडखळण्यावर चालतो. शिवाय कुटुंब म्हणजे आईवडील, सख्खी भावंडं, मामा-मावशी, काका-आत्या. माल वाटून संध्याकाळी हिशेब घेणारा गाववाला ‘काका’ त्यात येत नाही.

विकणं म्हणजे भीक नव्हे, कबूल. पण बाल न्याय कायदा 2015 मधल्या कलम 79 मध्ये विक्रीही ‘काम’ धरली आहे. मुलाला कामाला लावून त्याची कमाई अडवली किंवा स्वतःसाठी वापरली तर 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख दंड. सार्वजनिक जागी पैशासाठी केलेली करमणूकही यात धरली आहे, म्हणजे दोरीवर चालणारी मुलगीसुद्धा. विकायचं पेन नुसतं दाखवून मुलाकडून पैसे मागवले तर कलम 76 आहेच. भिकेच्या व्याख्येत ‘कोणत्याही बहाण्याने’ हे शब्द आहेत.

आणि या कायद्यात मूल म्हणजे 18 खालचं. चौदाचा मुद्दा इथेच संपतो.

चवथीच्या, म्हणजे गणेशोत्सवातल्या सोडतीच्या, कूपनांचं वेगळं. बापाबरोबर शेजारी कूपनं घेऊन गेलेल्या पोराला कोणी बालकामगार म्हणणार नाही. कूपनांच्या पुस्तकामागे कमिशन ठरलं, की आमच्या मते ते काम झालं.

पोलिसांबद्दल मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. 2021 च्या दुरुस्तीने बाल न्याय कायद्यातले 3 ते 7 वर्षं शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र झाले, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्यांचा तपास करू शकत नाहीत. मात्र बालकामगार कायद्याखाली कामाला ठेवणाऱ्याचा गुन्हा दखलपात्रच आहे, आणि मुलाची सुटका गुन्हा नोंदवण्यावर अडत नाही. मुलाला 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं. तुम्ही स्वतः मुलाचा हात धरून ओढू नका, जमाव जमतो आणि मालवाला पसार होतो. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा: कुठला शॅक, किती वाजता, मुलाचे कपडे कसले, पैसे घेणारा कुठे बसलाय. मुलाचा चेहरा दिसणारा व्हिडिओ ग्रुपवर टाकलात तर बाल न्याय कायद्याचं कलम 74 तुमच्यावरच लागू शकतं: 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.