सभ्यतेचे नऊ सेंटिमीटर

मस्कतच्या एका भारतीय शाळेतून मला गणित शिकवायला बोलावणं आलं आणि पत्रातल्या एकाच ओळीनं आमच्या म्हापशाच्या घराची झोप उडवली. 'शिक्षिकांनी सभ्य पोशाखात यावे.' पगार, भाडं, रजा, सगळ्यांना आकडे होते. सभ्यतेला नव्हता. गणिताच्या बाईला छळायला आणखी काय लागतं?

त्यात मी गोव्याची. गोवा म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे थेट कळंगुटचा किनारा. मुलाखतीतही एका गृहस्थांनी चाचरत विचारलं, "कपड्यांचं... जमेल ना तुम्हाला?" अहो, बारा वर्षं मी अंगावर तीन पिना टोचून फळ्यावर प्रमेयं लिहितेय. जूनच्या पावसात, कदंबा बसमध्ये दुसऱ्यांच्या गळक्या छत्र्यांखाली निऱ्या सांभाळतेय. मंगेशीला तोकड्या कपड्यांतल्या पर्यटकांना अडवतात, तेव्हा मी दर्शन उरकून बाहेर पडत असते!

सल्लागार मात्र घरोघरी. जाऊबाई म्हणाल्या, दोन बुरखे शिवून घे. कुवेतला संसार करून आलेली शेजारची मावशी उसळली, "खुळी काय गो तू? मस्कतला परदेशी बायकांना अबायाची सक्ती नाही. खांदे नि गुडघे झाकले की पुरो." नवऱ्यानं मोबाईलवरून नियम वाचून दाखवला: केस झाकलेले, हात मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत. तो निघाला सुलतान काबूस मशिदीत जाणाऱ्या बायकांसाठी. मी चालले होते सातवी 'ब'मध्ये.

खांदे झाले, गुडघे झाले, उरली कंबर. साडीत तिथं जी चार बोटं उघडी राहतात, त्यांच्याकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता सगळं घर पाहू लागलं. शेवटी मीच आरशापुढे फूटपट्टी लावली. 9 सेंटिमीटर. मुलगी म्हणाली, "आई, फळ्यावर लिहिताना हात वर जातो ना?" हात वर केला. 14. म्हणजे समीकरण फळ्याच्या खालच्या अर्ध्यात सोडवलं तर मी सभ्य, वर गेलं की संपलं.

ब्लाउज लांब करावा म्हणून बाजारातल्या टेलरमामांना गाठलं. त्यांनी लांबी लिहून घेतली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, ह्याला ब्लाउज म्हणत नाहीत. ह्याला शर्ट म्हणतात." वर त्यावर साडी नेसून मी पोस्टाच्या पेटीसारखी दिसेन, हेही फुकटात सांगितलं. मग ठरलं, पाच साड्यांचे पंजाबी ड्रेस. साडेपाच मीटरच्या पाच साड्या काळजावर दगड ठेवून त्यांच्या हवाली केल्या. त्यांत एक आईची होती. असो.

परवा तिकडच्या मुख्याध्यापिकांचा व्हिडिओ कॉल आला. बाई केरळच्या. कांजीवरम नेसलेल्या, 9 सेंटिमीटर तर सहजच. "साडीच नेसा हो, इथं निम्म्या जणी नेसतात. शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी मात्र शाळा. आणि शाल आणा. बाहेर 45 अंश असले तरी वर्गातल्या एसीत दात वाजतात."

मी धावत टेलरमामांना फोन लावला.

"पाचही कापून झाल्या, बाई," ते खुशीत म्हणाले. "पदर तेवढे उरलेत. उशांचे अभ्रे करू?"

"अभ्रे नकोत," मी म्हटलं. "शाली करा."