ताण कोण देतो?

गेल्या महिन्यात विदर्भातील संत्र्याच्या पट्ट्यात, वरुड तालुक्यातील आमच्या गावी ग्रामपंचायतीच्या सभागृहात ‘शेतकरी आणि ताणतणाव’ या विषयावर व्याख्यान झाले, आणि त्याची चित्रफीत पुतण्याने मला कॅनडात पाठवली. दीर्घ श्वसन करावे, मन मोकळे करावे, सकारात्मक राहावे, असे वक्ते सांगत होते. मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने विचारले, “ताण त आमी झाडाले देतो साहेब, आमाले कोन देऊन रायलं?” सभागृह हसले आणि वक्ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. माझ्या मते व्याख्यान तेथेच थांबवून त्या प्रश्नाला तासभर द्यायला हवा होता.

संत्र्याच्या पट्ट्याबाहेरील वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणारी फुले, धरायचा असेल तर पावसाळा सरल्यावर बागेचे ओलीत बंद करतात. यालाच बाग ताणावर सोडणे म्हणतात. हलक्या जमिनीत महिनाभरात, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिन्यांत झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होऊन पिवळसर पडतात, काही गळतात, आणि नव्या पालवीवर खर्च झाला असता तो अन्नसाठा फुलांसाठी शिल्लक राहतो. मग जानेवारीत पहिले हलके पाणी देऊन ताण तोडायचा. माझे वडील त्या दिवसांत रोज सकाळी एखादे पान दोन बोटांत धरून हलकेच दुमडून पाहत आणि म्हणत, “आखीन चार दिस दम धर.” ताण कमी पडला तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते, जास्त झाला तर फांद्या वाळून सल, म्हणजे वाळक्या काड्या, वाढते. देणारा माहीत, माप माहीत आणि कधी तोडायचा तेही माहीत, असा हा ताण आहे.

इंग्रजीतील ‘स्ट्रेस’चे तसे नाही. मी ऑन्टारियोत पुलांच्या आराखड्यांचे काम करतो. आमच्या विद्येत स्ट्रेस म्हणजे एकक क्षेत्रफळावर येणारे बल, आपल्या पाठ्यपुस्तकांतील प्रतिबल; त्यामुळे पदार्थाच्या आकारात होणाऱ्या बदलाला ‘स्ट्रेन’, म्हणजे विकृती, असा वेगळा शब्द आहे, आणि आकडेमोडीला बसताना पहिला प्रश्न असतो तो भार कोठून आणि किती येतो हा. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील हान्स सेल्ये यांनी 1936 साली उंदरांवरील प्रयोगांविषयी ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले आणि पुढे शरीराच्या त्या प्रतिसादाला स्ट्रेस हे नाव दिले. आपले इंग्रजी तेव्हा बरे असते तर आपण स्ट्रेन म्हटले असते, असे ते नंतर म्हणाल्याचे सांगतात. किस्सा गमतीचा असला तरी घोळ खरा आहे, कारण तेव्हापासून भार आणि भाराखाली वाकणे या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या गेल्या.

स्ट्रेस हा शब्द काही अंशी ‘डिस्ट्रेस’चे डोके उडवून तयार झालेला आहे, आणि जुन्या इंग्रजी कायद्यात डिस्ट्रेस म्हणजे थकलेल्या भाड्यापोटी भाडेकरूचा माल ताब्यात घेणे. इंग्लंडमध्ये ही पद्धत 2014 साली रद्द झाली, पण ऑन्टारियोत दुकानांच्या गाळ्यांना ती आजही लागू आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्या चौकातील चपलांच्या दुकानाच्या काचेवर तशी नोटीस चिकटवलेली मी पाहिली. शीर्षकात हाच शब्द होता. आपण त्याला जप्ती म्हणतो.

गावाकडच्या वादात एक बाजू समुपदेशन मागते आणि दुसरी म्हणते, कापसाला आणि संत्र्याला भाव द्या, मन आपोआप ठिकाणावर येईल. दुसरी बाजू मला जवळची वाटते, पण पुरती पटत नाही. कॅनडातील दूध उत्पादकाला कोटा आणि बऱ्यापैकी निश्चित भाव असतो, तरी त्यालाही समुपदेशकाची गरज पडते, आणि तो तिची लाज बाळगत नाही. ज्या वर्षी आमची विहीर आटली, त्या वर्षी वडील चार महिने जवळजवळ बोललेच नाहीत. आम्ही सगळे “टेन्शन घेऊ नका” एवढेच म्हणत राहिलो.

तरीही नुसत्या श्वसनाच्या सल्ल्यात एक सोयीस्कर चलाखी आहे. भाराचा प्रश्न वगळून फक्त वाकलेल्या माणसाची तपासणी होते, आणि दोष त्याच्या मनाच्या खाती जमा होतो. बँकाही बुडू लागलेल्या कर्जांना ‘स्ट्रेस्ड’ म्हणतात, पण तेथे कोणी कर्जाला सकारात्मक राहायला सांगत नाही. हप्ते पुन्हा बांधून दिले जातात.

महाराष्ट्रात शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवताना जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज कोणाचे होते, थकबाकी किती होती, वसुलीचा तगादा होता का, हे तपासले जाते. हीच माहिती समुपदेशकाने पहिल्या भेटीत विचारून लिहून घ्यावी आणि शेतकऱ्याच्या संमतीने तहसील कार्यालयात व बँकेच्या शाखेत पोहोचवावी, असे मी पुतण्याला कळवले आहे. पुढच्या व्याख्यानाला तो स्वतः हे मांडणार आहे, आणि त्या म्हाताऱ्याला या वेळी पहिल्या रांगेत बसवणार आहे.