नापास होत होत लॉर्ड कसं व्हावं

गेल्या मंगळवारी माझी सात चाळीसची गाडी रद्द झाली. मागची आठ दहाची आली ती चारच डब्यांची, त्यामुळे ती मला फलाटावरच ठेवून गेली. ऑफिसात पोचायला ४३ मिनिटं उशीर. महिन्यातली तिसरी खेप. गुरुवारी मॅनेजरचं पत्र हातात: आपल्या वक्तशीरपणाबद्दल चिंता वाटते, पुढच्या शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा करावा.

बारा वर्षं लंडनला नोकरी करून मला करिअर कसं करतात ते कळलेलंच नाही, हे तेव्हा लक्षात आलं. ज्यांना कळलं त्यांच्याकडून शिकावं म्हणून मी ख्रिस ग्रेलिंग यांचा अभ्यास केला. माजी न्यायमंत्री, माजी वाहतूक मंत्री, आता लॉर्ड ग्रेलिंग. तुम्हालाही वर चढायचं असेल तर वही घेऊन बसा.

सुरुवात जन्मतारखेपासून. त्यांची १ एप्रिल १९६२. हे आपल्या हातात नसतं, सोडून द्या.

मग घर बघा. त्यांचं घर अ‍ॅशटेडला, संसदेपासून सतरा मैलांच्या आतच. २००९ साली खासदारांच्या भत्त्यांचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा कळलं, की संसदेजवळच्या पिम्लिकोच्या फ्लॅटसाठीही ते सरकारी भत्ता घेत होते. नियमात बसत होतं म्हणे. माझंही घर ऑफिसपासून साधारण तेवढंच लांब. खुलाशाच्या शेवटी मीही एक फ्लॅट मागून बघणार आहे.

ज्यातलं शिक्षण नाही ते खातं घ्या. २०१२ साली ते न्यायमंत्री आणि लॉर्ड चॅन्सेलर झाले. त्या खुर्चीत वकील नसलेला माणूस कित्येक शतकांत बसला नव्हता. फरक लगेच दिसला. कैद्यांना घरून पुस्तकं पाठवायला बंदी आली, ती डिसेंबर २०१४ मध्ये हायकोर्टाने बेकायदा ठरवली. तुरुंगातून सुटलेल्यांवर देखरेख ठेवण्याच्या कामाचा, म्हणजे प्रोबेशनचा, मोठा हिस्सा २१ नव्या कंपन्यांना देऊन टाकला. ती कंत्राटं मुदतीआधीच गुंडाळावी लागली आणि २०२१ साली सगळं परत सरकारकडे आलं. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने या उपद्व्यापाचा जादा खर्च काढला, तो किमान ४६ कोटी ७० लाख पौंड. एवढं जमलं की निर्धास्त राहा, पुढचं खातं तुमचंच.

गाडीचं दार उघडताना मागे बघू नका, सायकलवाला पडला तर पडला. (त्यांनी हे वाहतूक मंत्री झाल्यावर केलं, तुम्हीही आधी करू नका.)

बोटी हव्या असतील तर ज्या कंपनीकडे बोटीच नाहीत तिला कंत्राट द्या. ब्रेक्झिट कराराविना झालं तर म्हणून यांच्या खात्याने रॅम्सगेट ते बेल्जियममधल्या ऑस्टेंड फेरीसाठी १ कोटी ३८ लाख पौंड कबूल केले होते. कंपनीच्या वेबसाइटवरच्या अटी लोकांनी वाचल्या, तर त्या घरपोच जेवण मागवायच्या अटींवरून उतरवलेल्या दिसत होत्या. कंत्राट रद्द झालं, पैसे वाचले. मात्र आम्हाला का विचारलं नाही म्हणून समुद्राखालच्या बोगद्यातून गाड्या नेणारी युरोटनेल कंपनी कोर्टात गेली, तेव्हा ३ कोटी ३० लाख देऊन मिटवावं लागलं.

आता रेल्वे. इथे नीट लक्ष द्या, कारण हा धडा मी रोज सकाळी गिरवते. २० मे २०१८ ला देशात नवं वेळापत्रक लागू झालं आणि दुसऱ्याच दिवसापासून रोज शेकडो गाड्या रद्द. फलकावर नाव दिसतंय, गाडी नाही. गाडी आहे, ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर आहे, पण त्याला तो मार्ग शिकवलेलाच नाही! उत्तर इंग्लंडातल्या विंडरमियरच्या मार्गावर तर आठवडेच्या आठवडे नेहमीच्या गाड्या बंद आणि लोकांना बस. हाच तो मार्ग, ज्याचं विद्युतीकरण या गृहस्थांनी आदल्या वर्षी रद्द केलं होतं. लोक परीक्षांना पोचले नाहीत, पाळणाघरांचे जादा पैसे भरत बसले, काहींनी नोकऱ्या सोडल्या. आणि मंत्री काय म्हणाले? संसदीय समितीसमोर म्हणाले, मी काही वेळापत्रकातला तज्ज्ञ नाही. अहो, मग मी आहे का? मीही नाही, तरी पत्र मला आलं! चौकशी झाली, अहवाल आला: सूत्रं कोणीच हातात घेतली नाहीत. मग खात्याचा मंत्री कशाला असतो, नामफलकापुरता? संसदेत अविश्वासाचा ठराव आला, तोही पडला. त्यानंतर हे वर्षभर त्याच खुर्चीत. वर्षभर!

ठरवून दिलेली निवडणूकही हरून दाखवा. २०२० साली पंतप्रधानांनी त्यांना संसदेच्या गुप्तचर समितीचं अध्यक्षपद द्यायचं पक्कं केलं होतं. नऊ जणांच्या समितीत त्यांच्याच पक्षाचा दुसरा खासदार निवडून आला.

त्याच सप्टेंबरात एका बंदर कंपनीचे सल्लागार व्हा. आठवड्याला सात तास, वर्षाला १ लाख पौंड. ताशी पावणेतीनशे. बंदरांचा अनुभव वर आलाच आहे.

खरं सांगू, इथवर लिहिताना हसत होते. आता हसू येत नाही. याच माणसाच्या खात्याने २०१३ साली नोकरीतल्या अन्यायाविरुद्ध दाद मागायला फी लावली. काढून टाकलं म्हणून मालकाविरुद्ध जायचं तर सुनावणीपर्यंत १,२०० पौंड. ज्याची नोकरीच गेलीय त्याने आणायचे कुठून? तक्रारी दोन तृतीयांशांनी घटल्या. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने ही फी बेकायदा ठरवली, पण मधल्या चार वर्षांत जे गप्प बसले ते बसलेच. यासाठी कोणालाही पत्र गेलं नाही, कोणी खुलासा मागितला नाही. २०२४ साली पक्षाने त्यांना थेट लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, नेऊन बसवलं. निवडून यायची कटकटही संपली.

आणि आपण? आपल्या ग्रुपवर परवा पुन्हा कोणीतरी लिहिलंच, इथे कसं सगळं सिस्टीमने चालतं. मीही डोंबिवलीच्या मामाला फोनवर हेच ऐकवते. पंचवीस वर्षं लोकलला लटकलेला माणूस, बिचारा मान डोलावतो. लाज वाटायला हवी मला. तुम्हालाही. भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्याला पार्लमेंटसाठी मत देता येतं, हे माहीत आहे ना? नाव नोंदवलंय? गणपतीच्या आरतीनंतर मी बारा जणांना विचारलं, दोघांनी नोंदवलं होतं. बाकीचे म्हणाले, आपल्याला काय करायचंय. काय करायचंय म्हणजे? तुमची गाडी रद्द झाली नाही का? की तुम्हाला पिम्लिकोत फ्लॅट मिळालाय?