तलवारीचे वकीलपत्र

पुस्तक मी नेले होते, त्यामुळे भांडणाची जबाबदारीही माझ्याच अंगावर येते. एलन कुशनर या अमेरिकी लेखिकेची ‘द प्रिव्हिलेज ऑफ द सोर्ड’ ही २००६ सालची कादंबरी मी दुसऱ्यांदा वाचून संपवली होती आणि चहा येईपर्यंत तिच्याविषयी दोन शब्द बोलावेत, एवढाच माझा बेत होता. चहा येऊन गेला, दुसराही येऊन गेला, तरी आम्ही कट्ट्यावरून उठलो नाही.

पहिली हरकत बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या मित्राने घेतली. हे लेखन अद्भुत साहित्यात मोडते असे मी म्हणताच त्याने पुस्तक चाळून विचारले, “अरे, यात जादू नाही, राक्षस नाही, मंतरलेली अंगठीसुद्धा नाही. मग अद्भुत ते काय?” नाथमाधवांच्या ‘वीरधवल’वर वाढलेल्या माणसाने हे विचारणे स्वाभाविक होते. मी म्हणालो की यात जादू खरोखरच नाही. अद्भुत आहे ते शहर, कारण ते जगाच्या कोणत्याही नकाशावर सापडत नाही आणि तिथल्या चालीरीती लेखिकेने मुळापासून रचलेल्या आहेत. या शहरात उमराव एकमेकांचा अपमान मोजक्या, नेमक्या शब्दांत करतात, चॉकलेट पीत पीत कट रचतात आणि अब्रूचा प्रश्न आला की स्वतः लढण्याऐवजी बहुधा पैसे देऊन तलवारबाज नेमतात. रीतसर करार करून आणि आव्हान देऊन झालेल्या द्वंद्वात माणूस मेला, तर तो खून ठरत नाही.

इथे आमच्यातले वकील एकदम सावरून बसले. “म्हणजे तो तलवारबाज म्हणजे मीच की! अशील घरी बसणार, फी देणार आणि त्याच्या वतीने उभा मी राहणार. फरक एवढाच, की मी हरलो तर अपिलात जाता येते.” सगळे हसले, पण माझ्या मते त्या संध्याकाळी पुस्तकाविषयी बोलले गेलेले सर्वांत नेमके वाक्य तेच होते. साहसकथांमध्ये तलवार ही रीतभात मोडण्याची खूण असते, नायक ती उपसतो आणि दरबारी शिष्टाचार बाजूला पडतो. कुशनरच्या शहरात मात्र तलवार हाच शिष्टाचाराचा एक भाग आहे, आणि कोणी कोणाच्या वतीने ती उपसायची हे जेवणाच्या मेजावर कोणी कुठे बसायचे याइतकेच काटेकोरपणे ठरलेले आहे.

अशा शहरात कॅथरीन ही गावाकडची, लग्नाच्या वयाची, कर्जात बुडालेल्या घरातली मुलगी येते. तिचा मामा तिथला ड्यूक आहे आणि त्याला सगळे वेडा म्हणतात. भाची आपल्याकडे राहायला आली तर तिच्या घराशी चाललेला दावा सोडण्याची आणि कर्ज फेडण्याची त्याची तयारी आहे. मात्र तिने पुरुषी पोशाखात वावरायचे आणि तलवार शिकायची, ही त्याची अट. आपल्याकडे मामाकडे जायचे म्हणजे सुट्टी आणि लाड. इथे मामाकडे जायचे म्हणजे तालीम. शहरातल्या मेजवान्यांची स्वप्ने पाहत तिने कपडे बांधून आणलेले असतात आणि मामाच्या घरात ते तिला घालायला मिळत नाहीत. विजार चढवलेले आपले पाय सर्वांना दिसणार, या विचाराने ती शरमेने लाल होते.

शाळेत शिकवणारी आमची मैत्रीण इथे चिडली. “याला तुम्ही मुलीची मुक्ती म्हणता? तिला कोणी विचारले का? बापाने बळेच साडी नेसवली तर जुलूम आणि मामाने बळेच विजार चढवली तर पुरोगामीपणा, हा कुठला न्याय?” मी आधी मामाची बाजू घेऊ पाहिली, पण ती टिकणारी नव्हती आणि लेखिकाही ती पूर्णपणे घेत नाही, हे मला कबूल करावे लागले. कॅथरीन बराच काळ कुरकुरत शिकते. तलवारीची खरी गोडी तिला लागते ती पुढे गावाकडच्या हवेलीत, दृष्टी गमावत चाललेल्या एका जुन्या, नामांकित तलवारबाजाच्या हाताखाली. त्या प्रकरणांत फारसे काही घडत नाही; रोजचा सराव, थोडे बोलणे, पुष्कळसे न बोलणे. पुस्तकातला सर्वांत सुंदर भाग मला तोच वाटतो.

“पुढचे ऐक,” मी तिला म्हणालो. कॅथरीनची मैत्रीण आर्टेमिसिया हिच्यावर तिचा वाग्दत्त वरच अत्याचार करतो, आणि घरची माणसे विचार करतात तो फक्त ठरलेले लग्न पार पाडण्याचा. त्या समाजाच्या हिशेबात मुलीची अब्रू मुलीची नसतेच, ती बापाची आणि भावाची असते. या दोघी एका लोकप्रिय प्रेमकथेच्या वेड्या आहेत आणि एकमेकींना पत्रे लिहिताना तिच्यातल्या पात्रांची नावे घेतात. मोठ्यांनी टाकाऊ मानलेल्या त्या पुस्तकातूनच त्यांना अन्यायाला अन्याय म्हणण्याची भाषा मिळते. कॅथरीन मैत्रिणीच्या वतीने त्या उमरावाला आव्हान देते, आणि तेही शहराच्याच कायद्यात बसवून. वकील हळूच म्हणाले, “म्हणजे फी न घेता वकीलपत्र घेतले पोरीने.”

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “तरीही मामाला मी माफ करणार नाही.” मलाही ते मान्य होते.

पुस्तक निर्दोष आहे असे नाही. मामाच्या हवेलीतली माणसे इतकी आहेत की मध्येच कोण कोणाचा, याचा गोंधळ उडतो, आणि शेवटी सगळे धागे जरा जास्तच सोयीने जुळतात. बँकवाल्या मित्राने एवढे ऐकून पुस्तक पिशवीत टाकले. फक्त याच शहरावरची १९८७ सालची ‘सोर्ड्सपॉइंट’ आधी वाचावी लागेल का, असे त्याने विचारले. मी नाही म्हणालो, बाई हो म्हणाल्या, आणि वकिलांनी तिसऱ्या चहाची ऑर्डर दिली.